शेवटचा ठावठिकाणा

कारकून : ‘...मयत आईच्या घरावरील हक्कासाठी तीस दिवसांत हजर न झाल्यास तो हक्क सोडला असे समजण्यात येईल.’ झालं. छापू ना पेपरात, ताई?

बहीण : छापा.

कारकून : पण भावाचा ‘शेवटचा ठावठिकाणा’ म्हणून तेच घर लिहिलंय, जे विकायचंय.

बहीण : दादानं लिहिलंय. धाकटा आला नाही तर घराचे दोनच वाटे होतात.

कारकून : म्हणजे नोटीस इथल्याच आवृत्तीत. माणूस घर सोडून गेला आणि हाका मारायच्या त्याच घरात!

बहीण : वकील म्हणाले, एवढं पुरतं.

कारकून : कागदाला पुरतं. बावीस वर्षं बघतोय. जाऊ दे, मी कोण बोलणारा? सही करा.

बहीण : पेन चालत नाहीये.

कारकून : टोपण काढा, ताई.

बहीण : ...बंदराच्या गावी निघते तुमची आवृत्ती?

कारकून : निघते की. का?

बहीण : गेल्या वर्षी त्याचं पत्र आलं होतं तिथून. मला एकटीला. ‘आई कशी आहे’ विचारलं होतं. आई तर गेलेली. काय लिहू, सुचेचना. आठ महिन्यांनी उत्तर टाकलं, ते परत आलं. खोली सोडली म्हणे त्यानं.

कारकून : अहो, मग शेवटचा ठावठिकाणा तोच की! अर्जदार तुम्हीपण आहात. खोडा, तो पत्ता लिहा, बाजूला सही करा.

बहीण : दादा मला फाडून खाईल.

कारकून : ते तुमचं तुम्ही बघा.

बहीण : ...घ्या. खोडलं.

कारकून : शाब्बास. ऑनलाइनही टाकू? नाव शोधलं की सापडते. वर्षानुवर्षं राहते.

बहीण : स्वतःचं नाव कोण शोधतं हो?

कारकून : सगळे शोधतात. मीसुद्धा.

बहीण : टाका मग. आणि नावापुढे ‘ऊर्फ मुंगळ्या’ घाला. सदा साखरेच्या डब्यात हात असायचा मेल्याचा.

कारकून : ऊर्फ मुंगळ्या. वकीलसाहेब बोंबलणार! आणखी काही?

बहीण : तो ‘मयत’ शब्द काढता येईल?

कारकून : नाही हो, ताई. त्याच्याशिवाय ही नोटीसच होत नाही.

बहीण : मग वकिलांच्या पत्त्याखाली माझा फोन नंबर घाला. तो शब्द वाचला की त्याला कुणाशी तरी बोलावंसं वाटेल.