हवालदार पगारे यांचं स्वयंपाकघर

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि तालुक्यातल्या माजी सैनिकांचे आधारस्तंभ सुभेदार निकमसाहेब, व्यासपीठावरील सर्व मान्यवर, ज्यांच्या खांद्यावर आत्ताच आपण मानाची शाल घातली त्या माझ्या सासूबाई लताबाई पगारे, पलटणीतले जुने सोबती, आणि सिन्नर, वणी, चांदवडहून वाट वाकडी करून आलेल्या बंधू-भगिनींनो, सर्वांना माझा सविनय जयभीम.

हवालदार भिकाजी पगारे यांना जाऊन आज वर्ष झालं. सुभेदारसाहेबांनी त्यांची एकाहत्तरची लढाई सांगितली, खांद्यात घुसलेली गोळी सांगितली. मी धनराज गांगुर्डे, वणीचा प्राथमिक शिक्षक, त्यांचा जावई. मला लढाईतलं काय कळणार? मी आपला घरातला हवालदार सांगतो. निवेदकांनी मघाशी ‘दोन शब्द’ म्हटलं खरं, पण दोन शब्दांत हा माणूस बसायचा नाही.

चौऱ्याण्णव साली त्यांची मुलगी सविता हिला बघायला मी आणि माझे वडील सिन्नरला आलो. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. वणीचे पोस्टमन, अत्यंत मानी गृहस्थ. फौजी माणसाच्या घरी जायचं म्हणून त्यांनी त्या दिवशी नवी कोरी टोपी घातली होती. बैठकीत सासूबाई आमच्याशी निवांत गप्पा मारत बसल्या होत्या. आणि पोह्यांच्या ताटल्या घेऊन आतून कोण यावं? स्वतः हवालदार! पिळदार मिशा, खांद्यावर पंचा. अण्णांना वाटलं, घरात काही अडचण असेल. तसं त्यांनी विचारलंही.

“अडचण कसली? पोहे मी बरे करतो,” हवालदार म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “गुरुजी, चहा करता येतो का?”

मी नाही म्हणालो. तर म्हणाले, चला आत, दाखवतो.

आता मला सांगा, मुलगी बघायला गेलेल्या किती मुलांवर ही वेळ आली असेल? मी स्टोव्हला पंप मारला तो असा, की जाळ वरच्या फळीपर्यंत गेला. हवालदारांनी शांतपणे हवा सोडली. सविता कोपऱ्यात तोंडाला ओढणी लावून हसत होती. खरं सांगतो, माझं लग्न तिथंच ठरलं. फक्त ते अजून कुणाला ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात आवाज ऐकून अण्णा दारात आले. हातात सांडशी धरलेला मुलगा त्यांनी पाहिला आणि त्यांचा पारा चढला. आम्ही मुलगी बघायला आलोय, मुलगा आचारी म्हणून द्यायला नाही, असं ते म्हणाले. हवालदारांनी आवाज जरासुद्धा चढवला नाही.

“पोस्टमनसाहेब, माझ्या लेकीला ताप आला तर पेलाभर पाणी कोण गरम करून देईल, एवढंच मला बघायचंय.”

अण्णा पोहे अर्धे टाकून उठले. नाशिकच्या स्टँडवर उतरल्यावर म्हणाले, हे घर आपल्यासाठी संपलं.

पण माझ्यासाठी संपलं नव्हतं. शेजारच्या भागीबाईंना गाठून मी चहा करायला शिकलो. त्यांनी कारण विचारलं, तेव्हा घसा बसलाय म्हणून सांगितलं. मग एका रविवारी नाशिकला काम आहे असं सांगून घरातून निघालो आणि थेट सिन्नर गाठलं. हवालदारांनी काही न विचारता आत नेलं. चहा मी केला. पहिला घोट घेऊन ते म्हणाले, “साखर विसरलात.” पुन्हा एक घोट घेतला. “पण आलात.”

सबंध कप त्यांनी तसाच, बिनसाखरेचा संपवला. मग म्हणाले, पाहुणा माझ्या दारातून उपाशी उठला, ते माझं चुकलं. त्याची माफी मागायला मी वणीला येतो.

आणि आले. सासूबाईंना घेऊन आले. आमच्या ओटीवर उभे राहून, शेजारीपाजारी बघत असताना, या माणसानं अण्णांपुढे हात जोडले. अण्णा विरघळले. सलोख्यानं म्हणाले, मग ती जावयानं चहा करायची अट सोडलीत ना?

“नाही,” हवालदार म्हणाले. “माफी तुम्हाला उपाशी उठवल्याची होती. अट आहे तशीच आहे.”

आता पुन्हा मोडणार, असंच मला वाटलं. तेव्हा सासूबाई बोलल्या. अण्णांशी नाही, दाराआड उभ्या असलेल्या माझ्या आईशी, कमळाबाईंशी. त्यांनी सांगितलं, की सविता रांगत होती तेव्हा त्यांना स्वतःला टायफॉईड झाला. घरात सासरे होते, दोन दीर होते, पण चुलीला हात लावणं पुरुषाचं काम नव्हे. हवालदार सुट्टीवर आले, तेव्हा ही बाई भाकरी थापता थापता चुलीपुढेच पडलेली त्यांनी पाहिली.

“कुणाला काय बोलले नाय,” सासूबाई म्हणाल्या. “मला बरं वाटल्यावर पलटणीत गेले आन् तिथल्या लंगरात सैपाक शिकले. पुढच्या सुट्टीला आले, तर मला म्हणाले, तू बस.”

माझ्या आईनं आयुष्यात अण्णांकडे हट्ट म्हणून केला नव्हता. ती दाराआडून बाहेर आली, ओटीवर सगळ्यांसमोर उभी राहिली.

“सोयरीक इथंच करायची. मला आजारी पडायला असं घर पाहिजे.”

अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, “धरा तारीख.”

मंडळी, पंचाण्णवच्या उन्हाळ्यात आमचं लग्न झालं. आणि पुढची गंमत ऐका. काही वर्षांनी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मी शाळेच्या सहलीवर, सविता बाळंतपणाला माहेरी. सिन्नरला फोन वाजला. पलीकडून अण्णा, अगदी हळू आवाजात: “हवालदार, वाटीभर तांदळाला पाणी किती घालायचं?” हवालदारांनी सगळं नीट समजावून सांगितलं, फोन ठेवला, आणि जेवायला बसेपर्यंत एकटेच हसत होते, असं सविता सांगते. अण्णा आज पहिल्या रांगेत बसले आहेत. त्यांनी माझ्याकडे असं बघू नये. भात चांगला झाला होता, असं आईचं म्हणणं आहे.

गेल्या वर्षी शेवटच्या आजारातही घरात रडारड नको, ही त्यांची सक्त ताकीद होती. ती आम्हाला पाळता आली नाही. आज मात्र तुम्ही सगळे हसताय, हे त्यांना आवडलं असतं.

सासूबाईंनी चार शब्द बोलावेत, अशी संयोजकांची इच्छा होती. त्यांनी माईक धरायला नकार दिला. पण काल तयारी करताना त्या मला जे म्हणाल्या, ते त्यांच्या परवानगीनं सांगतो. “लय जणींचे मालक फौजेतून सुट्टीला पाहुणे म्हणून यायचे. माझं माणूस घरी यायचं.”

याच्यापुढे मी काय बोलणार? संयोजकांचे, अध्यक्षांचे आणि आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. जावई असल्यानं कौतुक थोडं जास्त झालं असेल, बोलण्याच्या भरात कुणाचं नाव राहिलं असेल, तर ते पोटात घालावं. जयभीम.