जुने डिफरन्शिअल ठेवण्याबाबत

मी, खाली सही करणारी, वय बावीस वर्षे, शिक्षण यंत्र अभियांत्रिकी पदविका तिसरे वर्ष चालू, काम वडिलांच्या गॅरेजमध्ये लिखापढीचे, राहणार गॅरेजच्या मागील दोन खोल्या. कोणी न बोलावता, स्वतः ठाण्यात हजर राहून सांगते की,

घरात वडील, थोरला भाऊ आणि मी असे तिघे आहोत. वडील मेकॅनिक आहेत. दादा त्यांच्या हाताखाली काम करतो आणि शर्यतीत गाडी चालवतो. शाळेत गेलेली घरातली मी पहिली. वडिलांना लिहिता-वाचता येत नाही. दादाला फक्त सही येते. म्हणून आमच्या गॅरेजची रीत अशी आहे, की प्रत्येक कामाचे कार्ड मी लिहिते आणि वडिलांना मोठ्याने वाचून दाखवते. ते अंगठा उठवतात आणि मगच पान्याला हात लावतात. एकदा ऐकलेले कार्ड ते विसरत नाहीत. आठ वर्षांत त्यांनी एकही कार्ड मला पुन्हा वाचायला लावलेले नाही.

अपघात झालेली गाडी दादाची आहे. मागचे आसन व आतले अस्तर काढून आणि फायबरचे दरवाजे लावून ती दोनशे दहा किलोने हलकी केली होती. नंतर तिच्यात मोठे इंजिन बसवले. प्रश्न मागच्या डिफरन्शिअलचा राहिला, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांना वाटून देणाऱ्या दातेरी चक्रांच्या संचाचा. मूळचा संच लहान गाडीच्या बेताचा होता. वडिलांनी एका मालवाहू गाडीचे दणकट डिफरन्शिअल आणून टेबलाखाली ठेवले होते. ते चौतीस किलो जास्त भरले. वजन मी स्वतः केले होते.

चार तारखेला दुपारी त्यावरून दोघांची जुंपली. वडील म्हणाले, "इंजिन बैलाचं आणि मागचे पाय बकरीचे. मोडणार."

दादा म्हणाला, "बाबा, वजन कमी व्हावं म्हणून मी दाढीसुद्धा काढली. आणि तुम्ही हे लोढणं बांधताय?"

"मग वाढव दाढी परत. हे बसणारच."

दादा माझ्याकडे वळला. "मास्तरीणबाई, आता तुम्हीच काय तो निकाल द्या."

मी दोन दिवस गणित मांडले. गाडीवर तेव्हा अरुंद, कडक टायर होते. इतक्या हलक्या गाडीला तसे टायर असले की जोर जास्त झाल्यावर चाक जागच्या जागी घसरते. दात तुटण्याआधीच ताकद रस्त्यावर वाया जाते. त्यामुळे जुने डिफरन्शिअल पुरेल असे उत्तर आले. ते मी तीनदा तपासले. उत्तर आजही बरोबर आहे.

सहा तारखेला मी कार्ड लिहिले. त्यावर दोन ओळी आहेत. पहिली, "जुनेच डिफरन्शिअल ठेवावे." दुसरी, "फक्त सध्याच्या अरुंद टायरांवर. टायर बदलल्यास मजबूत बसवणे."

पहिली ओळ मी वाचली. वडिलांनी टेबलाखालच्या दणकट संचाकडे एकदा पाहिले. मग म्हणाले, "तू म्हणतेस तर ठेवू. नाहीतर तुला शिकवलं कशाला?" माझ्या सांगण्यावरून त्यांनी आपले मत बदलण्याची ही पहिलीच वेळ होती. दादाने पान्याने ड्रम वाजवला.

दुसरी ओळ मी वाचली नाही. अट ऐकली तर वडील म्हणतील, म्हणजे तुझी तुलाच खात्री नाही, असे मला वाटले. ती ओळ मी अंगठ्याखाली धरली होती. वडिलांना वाचता येत नाही, त्यामुळे झाकण्याची काही गरज नव्हती. तरी झाकली. वडिलांनी अंगठा उठवला. संध्याकाळी सांगेन असे मी ठरवले. संध्याकाळी दोघे आनंदात होते, म्हणून सांगितले नाही. पुढे परीक्षा आली. कार्ड टायरच्या चळतीच्या वर, भिंतीतल्या खिळ्याला अडकवलेले होते.

एकोणीस तारखेला मी परीक्षेला गेले असताना दादाने मित्राकडून रुंद, मऊ टायर आणले आणि वडिलांनी ते बसवले. कार्डात टायरबद्दल काही ऐकलेले त्यांना आठवेना, म्हणून ते निर्धास्त होते. असे त्यांनी मला काल दवाखान्यात सांगितले. तक्रार म्हणून नाही, मी विचारले म्हणून.

त्याच दिवशी दुपारी चार चाळीसला मी परीक्षेहून थेट बंद कारखान्यामागच्या सरावाच्या रस्त्यावर पोचले. गाडी सुटण्याच्या रेषेवर उभी होती. टायर मला लांबूनच दिसले. मी हात वर केला. पूर्ण वर केला की खांद्यापर्यंतच, हे खात्रीने सांगता येत नाही. दादाला वाटले असावे, मी त्याला हात दाखवते आहे. त्यानेही खिडकीतून हात दाखवला. मी ओरडले नाही. का, ते मला सांगता येत नाही. अंतर साठ पावले असेल असे मला आधी वाटले होते. आज सकाळी जाऊन मोजले, चौसष्ट भरले.

टायर जराही घसरले नाहीत. सुटताना धातूचा मोठा आवाज झाला. गाडी पुढे गेली, वेग घेतला आणि मग, डिफरन्शिअलचे तुटलेले दात अडकून, मागची दोन्ही चाके एकदम जाम झाली. गाडी आडवी फिरून कुंपणाच्या भिंतीवर गेली. दादाचे कंबरेचे हाड मोडले आहे. तो शुद्धीवर आहे. मी दवाखान्यात जाते, पण त्याच्या खोलीत अजून गेलेली नाही.

वडिलांनी काल इथे दिलेल्या जबाबात, "भाग मी निवडला, पोरीचा संबंध नाही," असे सांगितल्याचे हवालदार साहेबांकडून कळले. त्यावरून वडिलांवर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल होणार आहे. कार्डावरचा अंगठा वडिलांचाच आहे. पण तो त्यांनी ऐकलेल्या ओळीखाली उठवला आहे. न ऐकलेली ओळ माझी आहे. कार्ड मी खिळ्यावरून काढून सोबत आणले आहे आणि हजर करत आहे. खालच्या कडेवरचा काळा डाग माझ्या अंगठ्याचा आहे. तो पुसलेला नाही.

हवालदार साहेब म्हणाले, "वाचता येतं ना तुला? वाच आणि कर सही." जबाब त्यांनीच मोठ्याने वाचावा आणि बाहेर बाकावर बसलेल्या वडिलांना आत बोलवावे, अशी मी विनंती केली. त्यांनी ती मान्य केली. एकही ओळ न गाळता सर्व मजकूर आम्हा दोघांना वाचून दाखवला. कार्डाच्या दुसऱ्या ओळीपाशी वडिलांनी हात वर करून थांबवले आणि ती पुन्हा वाचायला सांगितली. ती पुन्हा वाचण्यात आली. वडिलांनी ती शब्दशः म्हणून दाखवली. त्यात चूक नाही. मजकूर मी सांगितला तसाच उतरला आहे, म्हणून सही करते.