दुपटी उन्हात वाळत घाला

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न विचारतो. देवाच्या सेवेला हात कसा लागतो? धुतलेला, म्हणाल तुम्ही. बरं. मग धुऊन धुऊन फुटलेला हात चालतो का? — त्या बघा, खांबाजवळच्या मावशींनी हात पदराखाली घेतले! असू द्या मावशी, तुमच्यासाठीच तर आख्यान लावलंय.

तर एक गाव होतं, पैठणी विणणाऱ्यांचं. त्यात साळ्यांची एक गल्ली, घरोघर माग. गल्लीची रीत अशी — पौषात शाकंभरी पौर्णिमेला देवीला गल्लीनं विणलेली पैठणी नेसवायची. विणायची पाळीपाळीनं. एका घराची पाळी बावीस वर्षांनी येते! पौर्णिमेला साडी तयार नसली की पाळी गेली, बसा पुन्हा बावीस वर्षं. आणि साडीची परीक्षा कोण घेणार? शास्त्री नव्हे, पंडित नव्हे. गल्लीतलं सगळ्यांत लहान बाळ! त्याच्या गालाला पदर लावायचा. बाळ रडलं तर साडी परत.

यंदा पाळी मधुकरची. मागच्या पाळीला त्याच्या बापानं विणली होती, तो आता नाही. आणि मार्गशीर्ष लागला तशी मधुकरच्या बायकोला, कुसुमला, मुलगी झाली. लक्ष्मीच आली हो! पण दहा दिवस सोयर, माग बंद. बाळंतीण सव्वा महिना पाण्यात हात घालायची नाही. तिची आई वारलेली, सासूचा पाय मोडलेला. थोरली लेक सहा वर्षांची, तिची वेणी, तिचा डबा. मग दुपटी कोण धुणार? मंडळी, तान्ह्या बाळाची दुपटी दिवसाला किती होतात? सांगा की! — बाया हसतायत आणि पुरुष एकमेकांकडं बघतायत. यांना आकडाच माहीत नाही!

मधुकरनं धुतली. भला माणूस! पण धुतली कशी? पहाटे, मागच्या दारी, दार ओढून. हौदाच्या गार पाण्यात, कपड्याच्या साबणानं. वाळत घातली माळ्यावर. का? तर गल्लीनं बघू नये. जो बोटांनी रेशमाचा मोर विणतो, त्यानं लंगोट पिळायचे? लोक काय म्हणतील!

कुसुम म्हणायची, "अहो, दुपारी ऊन पाण्यानं धुवा की. अंगणात ऊनही असतं."

"अंगणासमोरून सगळी गल्ली जाते."

"जाऊ द्या. दुपटी बघून कुणाचे डोळे जाणार आहेत?"

हा ऐकेल तर शपथ! बरं, हाताला तेल लावावं, तर तेही नाही. विणकराचा नियम — तेलाचा हात मागाला लावायचा नाही, रेशमावर डाग पडतो. नियम खरा आहे. पण तो मागावर बसायच्या वेळेपुरता. यानं चोवीस तास लावून घेतला. आपलंही तसंच. उपास एका दिवसाचा आणि तोंड आठवडाभर पाडून बसतो!

व्हायचं तेच झालं. बोटांच्या पेरांना चिरा पडल्या, चिरांतून रक्त. आणि रेशीम, मंडळी, फुटक्या बोटाला अडकतं. पदरावरचा मोर निम्मा झाला होता, तिथं धागा खेचला गेला. उसवला, पुन्हा विणला, पुन्हा खेचला. पौर्णिमा अकरा दिवसांवर आली आणि मोराची मान काही वर येईना.

संध्याकाळी थकून मागावरून उठला, पाळण्याशी गेला. लाडानं लेकीच्या गालावरून बोट फिरवलं. पोरीनं टाहो फोडला. गालावर बारीक लाल रेघ उठली होती.

मधुकरनं दोन्ही हात पाठीमागं घेतले. म्हणाला, "कुसुम, मी पाळी सोडतो. पुढच्या घराला देऊन टाकतो. हे हात देवीच्या कामाचे नाहीत, आणि हिच्याही नाहीत."

कुसुमला भरून आलं. पण रडत बसली नाही. बाळाच्या मालिशचं कोमट खोबरेल वाटीत उरलं होतं. "इकडं बसा," म्हणाली, आणि हात ओढून घेतला.

"अगं, मागाला डाग..."

"आत्ता कुठं बसायचंय मागावर? सकाळी डाळीच्या पिठानं हात धुवा. बाळाचं तेल आपण त्यानंच काढतो ना? मग तुमचं का नाही निघणार?"

एकेक बोट चोळलं. वर जुन्या धोतराच्या मऊ पट्ट्या गुंडाळल्या. आणि म्हणाली, "उद्यापासून दुपटी दुपारी, अंगणात. नाहीतर मी उठते आणि पाण्यात हात घालते. मग गल्ली काय म्हणते ते ऐका."

संपलं! बाळंतिणीच्या धमकीपुढं कोणाचं काय चालतं?

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मधुकर अंगणात. ऊन पाण्याची बादली, मान खाली. गल्लीतला एकेक माग थांबला. खिडक्यांत डोकी आली. आणि नेमके तेव्हाच आले गंगाधरअण्णा, गल्लीत सगळ्यांत वडील. ते बादलीपाशी उभे राहिले. मधुकरला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

अण्णांनी एक दुपटं उचललं, झटकलं आणि दोरीवर घातलं. म्हणाले, "तुझी काकू आजारी होती तेव्हा मीही धुवायचो. मागच्या दारी, पहाटे." मग तळहात पुढं केला. जुन्या चिरांचे वळ अजून दिसत होते. "त्या वर्षी माझी पाळी गेली. मी गल्लीला सांगितलं, रेशीम खराब निघालं."

बोला आता! चाळीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट एका दुपट्यापायी बाहेर पडली. त्या दुपारपासून अंगणातल्या दोरीवर आणखी दोन घरांची दुपटी आली, आणि वाळत घालणारे बाप्ये होते.

मधुकरचा नेम सुरू झाला. संध्याकाळी तेल, सकाळी डाळीचं पीठ, दुपारी ऊन पाणी. चिरा हळूहळू मिटल्या, मोराची मान वर आली, पिसारा फुलला. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी साडी मागावरून उतरली.

देवळात पाय ठेवायला जागा नाही. सगळ्यांत लहान बाळ कोण? मधुकरचीच लेक! सव्वा महिना उलटलेला, कुसुम तिला मांडीवर घेऊन बसलेली. अण्णा म्हणाले, "पदर तू लाव. बापाच्या हातानं."

मधुकर घाबरला. लावला पदर गालाला, त्याच गालाला. आणि पदराखालून त्याचं बोट निसटून गालावर टेकलं. पोरीनं डोळे उघडले. बापाकडं बघितलं. त्याचं बोट मुठीत धरलं, जांभई दिली आणि झोपून गेली!

सनई, संबळ, उदोउदो — देऊळ दणाणलं! साडी देवीला, आणि बोट काही सुटेना. देवीला साडी नेसवायला अण्णा गेले. मधुकर तिथंच उभा, डोळे पुसायला एकच हात मोकळा.

तर मंडळी, मिळालं उत्तर? फुटलेला हात देवाला चालतो. पण तो लपवून ठेवलेला देवाला बघवत नाही. आता तुमच्याकडं येतो! पुरुष मंडळी, घरची बादली कुणाच्या हातात आहे? मावशी, तुम्ही सगळ्यांना तेल लावता, तुमच्या हाताला कोण लावतं? पुरुष मंडळी, आज घरी गेल्यावर वाटीभर तेल कोमट करा आणि आधी घरच्या माउलीचा हात हातात घ्या. आणि आता हात वर करा, मावशी, पदरातून काढा बाहेर, लाजायचं काय त्यात! सगळ्या गावाला दिसू द्या ते हात, आणि म्हणा माझ्याबरोबर — शाकंभरी आईचा उदो!