कॅलगरीचा रिकामा पाट

मंडळी, ऐका. देवी कोणाची? रोज तिला न्हाऊ घालतो त्याची, की लांब बसून तिची वाट बघतो त्याची? उत्तराची घाई नको. आधी चिरेवाडीच्या भिकाजी गुरवाला भेटा.

गावदेवी सातेरीची पूजा त्याच्या घराण्याची. धाकटा भाऊ दत्ताराम कॅनडात, कॅलगरीला. तिथे कोकणातली चौदा घरं. मंगळवारी सुटी नाही, म्हणून देवीचा वार ते रविवारी करतात! सोवळ्याच्या जागी पायमोजे, जास्वंदीच्या जागी ट्युलिप! भिकाजी फोनवर बघून पोट धरून हसला. मग त्यानं माणसं मोजली. बावन्न. हसू थांबलं. त्याच्या देवळात आदल्या मंगळवारी किती? दोन — एक तो, आणि दुसरं पंख्याखाली झोपलेलं कुत्रं!

दुसऱ्या दिवशी दत्तारामचा फोन. "इथे सातेरीआईची मूर्ती बसवायची आहे, दादा, कौल लाव." कौल म्हणजे काय, घाटावरच्या मंडळींसाठी सांगतो. देवीच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

भिकाजीनं काय केलं? उजवी पाण्यात चांगली बुचकळली, अंगठ्यानं दाबून बसवली. डावी नुसती टेकवली. पडली डावी! आता मला सांगा — नको कोण म्हणालं? देवी, की अंगठा?

भाऊ भांडेल म्हणून भिकाजीनं उत्तरं तयार ठेवली होती. दत्ताराम एवढंच म्हणाला, "आईची मर्जी."

पुढच्या रविवारी पुन्हा फोन लागला. तिकडे समई, चौरंग, त्यावर पाट. पाट रिकामा! आणि त्याच्यापुढे तीच बावन्न माणसं हात जोडून. दत्तारामनं गाऱ्हाणं घातलं, "आई माउली, आमच्याकडसून काय चुकला आसात तर पोटात घाल, नि मर्जी झाली की ये."

"होय म्हाराजा!" सगळ्यांनी साद दिली. तिथं जन्मलेल्या पोरांचे उच्चार वाकडे. सूर मात्र सरळ.

मग दत्तारामची बायको सुलभा फोनजवळ आली. हळूच म्हणाली, "दादा, नैवेद्याला मी डब्यातला नारळाचा रस वापरला. म्हणून आई येत नाही का?"

मंडळी, मत्सर भिकाजीच्या अंगठ्यात, आणि ही बाई चूक शोधते नारळाच्या डब्यात!

भिकाजीनं फोन तोंडाजवळ घेतला. मग म्हणाला, "चूक तुझी नाय गो. डावी माझ्या हातान पडली. थांबा सगळी. परत लावतंय."

मंगळवारची वाट बघितली नाही — रविवारीच! हात धोतराला पुसले, दोन्ही पाकळ्या सारख्या ओल्या केल्या, फोन देवीसमोर उभा केला. खरं सांगू? तेव्हाही त्याच्या मनाचा एक कोपरा म्हणत होता, डावीच पडू दे. देवळात त्या दिवशी किती माणसं होती, मोजा बरं. बावन्न तिकडची, एक हा.

उजवी पडली.

हसताय? शेजारच्या आळीच्या गणपतीला गर्दी झाली, तेव्हा "त्यांना शास्त्र कळत नाही" असं कोण म्हणालं? आणि पलीकडच्या गावच्या कीर्तनकार बुवांना परदेशचं बोलावणं आलं, तेव्हा त्यांच्या आवाजात खोट कुणी काढली? मीच काढली! माझाही अंगठा ओलाच आहे.

आरती होईल. आधी हात पुसा.