मातीसकट उचलू नये

बायको : मासे आधी काढू. बादलीत याच टाकीचं पाणी घे, नळाचं नको.

नवरा : एवढं कळतं मला.

बायको : कळतं, पण सांगायच्या आधी तू नळ सोडलेला असतोस.

टेम्पोवाला : ताई, येऊ का आत? खोकी सगळी खाली गेली, दारातलं एक सोडून. आता ही काचेची टाकी ना? धरा साहेब त्या बाजूनं.

बायको : थांबा हो. पाणी आहे, तळाला माती आहे. अशी उचलली तर खालची काच जाईल.

टेम्पोवाला : ते माहितीये मला. आमच्या मेव्हण्यानं उचलली होती मातीसकट. जिन्यातच तळ सुटला. बायको चार दिवस बोलली नाही त्याच्याशी. तो म्हणतो, तेवढाच फायदा.

नवरा : आम्हाला तो फायदा आधीच झालाय.

टेम्पोवाला : हां. मग मी खाली थांबतो. गाडी रस्त्यात उभी आहे, जरा उरका.

बायको : ऐक. मासे बादलीत, पाण्यातली झाडं ओल्या कागदात. मग पाणी उपसायचं. पुढची वाळू वेगळी काढून मी धुऊन घेते. माती टाकून द्यायची.

नवरा : टाकून? केवढ्या हौसेनं आणली होतीस.

बायको : जुनी झालीये. माशांची सगळी घाण मुरलीये तिच्यात. जागची हलवली नाही तर झाडं त्यावरच जगतात. ढवळली की तोच चिखल पाण्यात उतरतो आणि मासे मरतात.

नवरा : मग तुझ्या नव्या खोलीवर दुसरी घालणार.

बायको : घालीन. झाडं धरतील की नाही ते महिन्या-दोन महिन्यांनी कळेल.

नवरा : पहिल्यांदा मी निळे खडे आणले होते.

बायको : विसरेन कशी. दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसल्यासारखं वाटायचं घरात.

नवरा : दिसायला छान होते.

बायको : दिसायला. मुळांनी खायचं काय, रंग? झाडं पिवळी पडली आणि तू दुकानदाराशी भांडून आलास.

नवरा : मग तू ही माती आणलीस. गोळ्या-गोळ्यांची.

बायको : आणि मी कामावरून येईपर्यंत तू ती धुऊन काढलीस.

नवरा : पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचं, हे तूच शिकवलं होतंस.

बायको : खड्यांचं सांगितलं होतं. माती स्वच्छ होईपर्यंत धुतली तर उरणार काय? अख्खं पोतं मोरीतून गेलं. मोरी तुंबली ती वेगळीच.

नवरा : पण तेव्हा हसली होतीस तू. मोरीपाशी खाली बसून.

बायको : हो. तेव्हा हसायचे मी.

नवरा : दुसरं पोतं मात्र मी नीट घातलं.

बायको : मी शेजारी उभी होते म्हणून. कोरडंच ओतायला लावलं, मागे उंच, पुढे उतार. वर बशी ठेवून तिच्यावर पाणी सोडलं, थर हलू नये म्हणून. आणि दुसऱ्याच दिवसापासून तुझं सुरू झालं.

नवरा : माझं काय?

बायको : रोज एकेक झाड उपटून बघायचं, मूळ धरलं का.

नवरा : काळजी वाटायची.

बायको : झाडालाही वाटत असेल. जाऊ दे. मासे झाडांत लपलेत, सापडायचे नाहीत. मागचं मोठं झाडच आधी काढते.

(ती कोपरापर्यंत हात पाण्यात घालते.)

बायको : हे येत नाहीये.

नवरा : जोर लाव.

बायको : जोर लावला तर सगळा तळ वर येईल. पुढची वाळू हलतेय बघ. मुळं पार इथपर्यंत आलीयेत. कधी धरलं हे एवढं?

नवरा : तू गेल्यापासून.

बायको : उपटून नाही बघितलंस?

नवरा : नाही. जाताना म्हणाली होतीस ना, निदान या टाकीला तरी सुखानं जगू दे. म्हणून हात लावला नाही. पाणी बदललं, तेही बशी ठेवून.

बायको : मला राग येतोय.

नवरा : हात लावला नाही, त्याचा?

बायको : झाडाच्या बाबतीत जमलं तुला, त्याचा. मला दिवसातून किती वेळा विचारायचास. ठीक आहेस ना? नक्की ना? मग गप्प का? सकाळी चांगली असले तरी संध्याकाळपर्यंत मलाच शंका यायची.

नवरा : झाडाचं सोपं होतं. ते घर सोडून जाईल अशी भीती नव्हती.

बायको : मी तरी कुठे जाणार होते, तेव्हा.

टेम्पोवाला : ताई, मागचा गाडीवाला शिव्या घालतोय. काय करायचं टाकीचं?

बायको : राहू दे. इथेच राहील ती.

टेम्पोवाला : बरं झालं. माझी पाठ वाचली.

नवरा : वाटणीत तुझ्याकडे आलीये ती.

बायको : आलीये. पण उपटून नेली तर माझ्या हाती काय लागणार? काचा आणि ओला कागद. माझी मी नवी लावीन.

नवरा : मी काय करू हिचं?

बायको : आत्ता करतोयस तेच. काहीच नाही. कुजलेली पानं तेवढी काढ.

टेम्पोवाला : दारातलं खोकं घेऊ का मग?

बायको : ते मी आणते. तुम्ही गाडी चालू करा.

नवरा : हात पूस. टॉवेल तिथेच आहे.

बायको : वाटेत वाळेल. निघते मी.

नवरा : ऐक ना.

बायको : काय?

नवरा : तू... काही नाही. खोकं खालून धर, त्याचा तळ कच्चा आहे.