चिंचेनं घासलेलं बिगुल

वाजवलंस? — नाही म्हणू नकोस, स्वप्नील, मी चहा गाळत होते, बहिरी नव्हते. बघायला आलास ना? मग नुसतं बघायचं! माझ्या लेकानं, संकल्पनं, मोबाइलवर फोटो टाकला, विकायचंय म्हणून, आणि तू आलास गावाच्या त्या टोकाहून, मुरलीपुऱ्याहून धावत — पुण्याचा मुलगा म्हणून घरात घेतलं, मतलब काय, दिसेल त्याला तोंड लावायचं? ठेव ते. तिथे नाही, पाटावर. पाटावरच असतं ते.

माझ्या सासऱ्यांचं आहे — पलटणीत बिगुल वाजवायचे ते, लढाईवर नेलेलं आहे हे. अंग तांब्याचं, काठ पितळेचा. त्यांच्यामागं आमच्या ह्यांच्याकडे आलं. हे रेल्वेत गार्ड, बदली झाली तसे साताऱ्याहून इथं हिंदी मुलखात आलो — माझं शिलाई मशीन राहिलं तिकडेच, पण बिगुल आलं! दर खंडेनवमीला चिंच लावून घासायचं कुणी? मी. बोटं काळी व्हायची माझी. आणि हळदकुंकू वाहून वाजवणार कोण? हे! एकदा मी नुसतं ओठाशी नेलं, तर म्हणाले, "सुलोचना, बायकांच्या छातीचं काम नाही ते." पोरं पाजली ह्या छातीनं, आणि एक फुंकर मारायला छाती नाही म्हणे!

शिकवलं कुणाला, तर संकल्पला. त्याला काय येतंय — फुर्र फुर्र, म्हैस शिंकल्यासारखं. तरी हे गेल्यावर तेराव्याला सगळ्यांनी ठरवून टाकलं, बिगुल मुलाचं. मला कुणी विचारलं? कशाला विचारतील! आता तो बंगळुरात बसून परस्पर विकतोय, आणि तू टांगणार फ्लॅटच्या भिंतीवर, टीव्हीच्या शेजारी. अरे, ह्यांचा श्वास आहे त्यात! म्हणून मी आत पाण्याचा थेंब जाऊ देत नाही. हे गेल्यापासून कुणी तोंड लावलं नाही त्याला, कुणीसुद्धा नाही — आणि तू लावलंस तेही चुकीचं. वरचा सूर फाटला ना? फाटणारच. तोंडाच्या कडेला पोचा आलाय, ओठ जरा डावीकडे दाबून धरावे लागतात, नाहीतर हवा निसटते आणि—

काय बघतोस असा?

ह्यांनी सांगितलं होतं. — नाही, हे कशाला सांगतायत मला! शिकले मी. माझी मी शिकले! खाली बँडवाल्याचं दुकान आहे ना, लग्नसराईच्या आधी रोज दुपारी तालीम असते त्यांची, ढोल काय, ट्रम्पेट काय — त्या गोंगाटात कोण ओळखतंय, वर कोण वाजवतंय ते? शेजारची भाभी म्हणते, "आजकल बँडवाले भैया अच्छा बजाते हैं." भैया! ऐकून घेतलं मी, काय करणार. आणि श्वासबीस काही नाही, ह्यांचा केव्हाच गेला त्यातून. आता आहे तो माझा.

संकल्पला सांगू नकोस हं. — नाही, सांग! खुशाल सांग, मी काय त्याला भिते? म्हणावं, आई विकत नाही जा. कुणाचं बिगुल म्हणून भांडायला आला, तर म्हणावं, वाजवून दाखव आधी.

चहा पी — थांब, ऐकलंस? ढोल सुरू झाला खाली. ऊठ. राहू दे तो चहा, ऊठ म्हणते ना! आणि जाताना दार घट्ट ओढून घे.