फायलीतला पासपोर्ट

"निखिल, ती अजून नवी आहे. तिचा पासपोर्ट तूच सांभाळ, कुठंतरी विसरेल." सासूबाई स्वयंपाकघरात अगदी हळू बोलल्या, पण आमचं जर्मनीतलं, येना शहरातलं घर ते केवढं, मला बाहेर सगळं ऐकू आलं. सकाळी निघताना मी निखिलच्या, सगळ्यांचे पासपोर्ट असलेल्या फायलीतून माझा पासपोर्ट आणि रेसिडन्स कार्ड काढून पर्समध्ये टाकलं.

सीमेवरच्या गोर्लित्सला गाडी लावून आम्ही तिघं चालत पूल ओलांडला आणि पलीकडे पोलंडमध्ये जेवलो. जाताना कुणी हटकलं नाही. परतताना मात्र पुलाच्या टोकाला जर्मन पोलिसानं पासपोर्ट मागितले.

निखिलनं बॅग उघडली. सासूबाईंचा चिवड्याचा डबा त्यानं आठवणीनं घेतला होता. फाइल गाडीत होती.

पोलिसानं माझी कागदपत्रं बघून मला सोडलं आणि मायलेकांना बाजूला उभं केलं. निखिल त्याच्या प्रत्येक वाक्याला जर्मनमध्ये "या, या, गेनाऊ", म्हणजे हो, हो, अगदी बरोबर, म्हणत मान हलवत होता.

"आता काय गं करायचं?" सासूबाईंनी मला विचारलं.

मी निखिलकडून गाडीची किल्ली घेतली.

"आई, तुम्हा दोघांचे पासपोर्ट मी घेऊन येते. माझा मात्र आता त्या फायलीत परत जाणार नाही."